कालव्यावरचा थांबा

मी एक जुनी गाडी आहे, आणि मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी हळुवार आवाजात सांगावी आणि शेवटी ऐकणाऱ्याचे डोळे ओले करावेत, अशी रीत आहे. मित्रांनो, मला ते जमणार नाही. माझं इंजिन आधीच खरखरतं, त्यात राग.

माझा जन्म व्होल्गा नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. पुढे नाक नाही, मागे शेपूट नाही, चार चाकांवर ठेवलेला पावाचा ठोकळा असं माझं रूप. म्हणून पुढे डोंगरपायथ्याच्या ज्या ओश शहरात माझं आयुष्य गेलं, तिथं मला सगळे 'पाव' म्हणतात. तरुणपणी मी डोंगरातल्या वस्त्यांवर लशी नेल्या, अडलेल्या बाळंतिणींना खाली आणलं. पुढे घाट चढताना मला धाप लागू लागली, तेव्हा सपाटीवरचं काम मिळालं. एका संस्थेनं मला घेतलं आणि एचआयव्ही रोखण्याच्या कामाला जुंपलं.

एचआयव्हीबद्दल तुम्ही शाळेत ऐकलं असेल. एका ताटात जेवल्यानं, हात हातात घेतल्यानं तो लागत नाही. नशेची एकच सुई अनेकांनी टोचून घेतली तर लागतो, आणि मग नवऱ्याकडून बायकोला, आईकडून पोटातल्या बाळाला जाऊ शकतो. ज्याला नशा सुटत नाही, त्याला निदान कोरी सुई मिळाली तर ही साखळी तिथंच तुटते. माझ्या पोटात म्हणून कोऱ्या सुया असत, निरोध असत, रक्त तपासायची छोटी पेटी असे. सारं फुकट.

माझ्याबरोबर दोन माणसं होती. परिचारिका झूराकान, रुंद हाडाची, कमी बोलणारी बाई. आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, तसे सगळे तिला झूराकान एजे म्हणत. आणि चालक टोक्तोसुन, ज्याला थोरला भाऊ या अर्थानं सगळे आका म्हणत आणि ज्याची जीभ माझ्या चाकांपेक्षा जास्त धावे.

दर बुधवारी दुपार कलली की आम्ही वीटभट्ट्यांच्या मागे, कालव्यावर जाऊन थांबायचो. सुरुवातीला कोणी फिरकत नसे. लोकांना वाटे, मागोमाग पोलीस येतील. मग एक आला, त्यानं दुसऱ्याला आणलं. वर्ष सरता सरता माझ्या दारात भट्टीवरचे मजूर येऊ लागले, ट्रकवाले येऊ लागले, रशियातून काम सुटून परतलेले तरुण येऊ लागले. झूराकान कुणाला उपदेश करत नसे. हातात चहाचा पेला द्यायची, वापरलेल्या सुया डब्यात टाकून घ्यायची, कोऱ्या द्यायची आणि विचारायची, "घरी सगळं ठीक?"

त्यांत एक जिपार होती. तिचा नवरा कादिर भट्टीवर विटा रचायचा आणि नशा करायचा. पोलिसांच्या भीतीनं तो स्वतः येत नसे, तिला पाठवायचा. ती डोक्याचा रुमाल ओढून घेत यायची, पण निघताना टोक्तोसुन आकाला एखादा टोमणा हाणल्याशिवाय जायची नाही.

"आका, अजून ढकलूनच चालू होते का हो तुमची म्हातारी?"

"तुझ्या नवऱ्यापेक्षा लवकर उठते सकाळी," आका म्हणायचा, आणि ती हसू दाबत निघून जायची. दर काही महिन्यांनी झूराकान तिचं रक्त तपासायची. दर वेळी ते स्वच्छ निघायचं. मित्रांनो, माझं सारं कर्तृत्व मोजायचं असेल तर तिथं मोजा. जे घडलं नाही, ते माझं काम होतं.

मग संस्थेत मेलिस असानोविच नावाचे नवे संचालक आले. माणूस उद्धट नव्हता, खोटारडाही नव्हता. म्हणून तर माझा राग शमत नाही. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, की पैसे देणारे लोक तपासण्यांचा आकडा बघतात आणि आपला आकडा चिमुकला आहे. कालव्यावर दिवस घालवून हाताला लागतात मूठभर माणसं. त्यापेक्षा गाडी कॉलेजच्या फाटकावर उभी करा. पोरं रांगा लावतील.

झूराकान म्हणाली, "साहेब, त्या पोरांना कशाचा धोका आहे? धोका कालव्यावर आहे."

"झूराकान, मी खोटं लिहायला सांगतोय का?" मेलिस असानोविच शांतपणे म्हणाले. "प्रत्येक तपासणी खरी असेल. खऱ्या कामात तुम्हाला काय खुपतंय?"

याला उत्तर होतं. मला सुचलं होतं, पण गाडीला कोण विचारतं!

मला पांढरा रंग लावला. अंगावर एचआयव्हीविरोधाची खूण म्हणून लाल फीत रंगवली. कॉलेजच्या फाटकावर पोरं खरंच रांगा लावून आली, कारण तपासणी केली की टोपी मिळत होती. काही जण दोन टोप्यांसाठी दोनदा आले. सगळ्यांचं रक्त स्वच्छ. आकडा फुगला. एवढंच नाही, तपासलेल्यांमध्ये लागण झालेल्यांचं प्रमाणही झपाट्यानं घटलं, कारण ज्यांना लागण व्हायची त्यांना आम्ही तपासतच नव्हतो. संचालकांनी भिंतीवर एक आलेख टांगला. त्याची रेघ उतरत गेलेली पाहून पाहुणे माना डोलवायचे. मला बक्षीस म्हणून नव्या काचा मिळाल्या. एखाद्या शेतकऱ्यानं कोरडं रान सोडून नदीतच पाणी ओतावं आणि किती घागरी ओतल्या ते सांगत फिरावं, तसं आमचं चाललं होतं.

बुधवारी दुपारी मी फाटकावर उभी असायची आणि मला कालव्याची आठवण यायची. आज कोणी येऊन उभं राहिलं असेल का? किती वेळ वाट पाहिली असेल? पुढच्या बुधवारी पुन्हा आलं असेल का?

दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत राजधानीतून मूल्यमापन करायला एक बाई आली. नाव राउशान. कार्यक्रम कसा चालतो ते बघायचं आणि अहवाल द्यायचा, हे तिचं काम. संचालकांनी तिचा दिवस मिनिटामिनिटानं आखला होता. सकाळी फाटकावरची रांग, मग आलेख, मग शहराबाहेरच्या हॉटेलात मेंढीच्या मांसाचं जेवण. तिनं सगळं पाहिलं, कमी बोलली. जेवायला निघताना संचालक आपल्या काळ्या गाडीचं दार धरून उभे राहिले, तर ती म्हणाली, "मी पावातून येते. अशा गाडीत लहानपणी शेवटची बसले होते."

काळी गाडी पुढे, मी मागे. थोडं अंतर गेल्यावर राउशाननं झूराकानला विचारलं, "ज्यांच्यासाठी ही गाडी घेतली होती, ती माणसं मला सकाळपासून कुठंच दिसली नाहीत. ती गेली कुठं?"

टोक्तोसुन आकानं आरशात पाहिलं. झूराकान खिडकीबाहेर बघत होती. तिला घरी दोन लेकी होत्या, आजारी सासू होती आणि दुसरी नोकरी नव्हती. पुढच्या चौकात काळी गाडी उजवीकडे वळली.

"आका," झूराकान म्हणाली, "डावीकडे घ्या."

"घेतोच आहे," आका म्हणाला. मी इतकी चटकन कधी वळले नव्हते.

कालव्यावर कोणी नव्हतं. आम्ही थांबलो, झूराकाननं दार उघडलं, थर्मासमधून चहा ओतला. समोरच्या घरांतले पडदे हलले आणि पुन्हा स्थिर झाले. एक माणूस भट्टीकडून येत होता, मला पाहून तो वळून गेला. राउशान पायरीवर बसून राहिली. चहा निवला.

मग जिपार आली. रुमाल ओढलेला नव्हता. ताठ चालत आली, आणि मला दिसलं की तिला दिवस गेले आहेत.

झूराकान पुढे झाली. जिपारनं हात वर करून तिला थांबवलं.

"रंग बरा दिलाय," ती म्हणाली. "कुणाच्या लग्नाला निघालात?"

"जिपार, आम्हाला इकडं येऊ..."

"मी बारा महिने बुधवारी इथं येऊन उभी राहिले, एजे. बर्फात उभी राहिले. मला वाटलं गाडी बिघडली असेल. मग वाटलं, आका मेला असेल." तिचा आवाज चढत नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. "मग बाजारात कळलं की तुम्ही कॉलेजात टोप्या वाटताय. सुया संपल्या. कादिर आणि भट्टीवरचे सगळे एका सुईवर आले. दवाखान्यात बाळासाठी नाव घालायला गेले, तर डॉक्टरनं माझं रक्त तपासलं आणि दार लावून घेतलं. आता कळलं ना तुम्हाला, काय सांगितलं असेल?"

झूराकान माझ्या दाराला धरून उभी होती. तिच्या बोटांचा दाब मला पत्र्यावर जाणवला.

राउशान उठली. तिनं विचारलं, "औषध सुरू केलंय का? बाळाला वाचवता येतं. नक्की येतं."

"सुरू केलंय. ते डॉक्टरनं सांगितलं." जिपारनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"हे काम नीट चाललंय का, ते बघायला आलेय."

"मग बघा की," जिपार म्हणाली.

तेवढ्यात काळी गाडी धूळ उडवत आली. मेलिस असानोविच उतरले, धुळीतून बूट सांभाळत जवळ आले. जेवण थंड होत होतं. ते हसत होते, पण कपाळावर घाम होता. त्यांनी झूराकानकडे पाहिलंच नाही. "राउशान, माफ करा, चालकाचा रस्ता चुकला. ही जागा आपल्या कार्यक्रमात नव्हती."

"हो," राउशान म्हणाली. "तेच मी लिहिणार आहे."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता न्याय झाला असेल. थांबा. राउशान राजधानीत परतली आणि दुसऱ्याच आठवड्यात झूराकानची बदली मलमपट्टीच्या खोलीत झाली. आकाला संस्थेची जनरेटरची खोली झाडायला लावलं. माझी बॅटरी काढून घेतली आणि मला अंगणाच्या कोपऱ्यात उभं केलं. हिवाळाभर माझ्यावर बर्फ साचला. लाल फितीवर गंज चढला. माझ्या पोटात पहारेकऱ्याच्या कोंबड्या राहायला आल्या, आणि खरं सांगते, त्यांनी मला फाटकावरच्या रांगेइतकं लाजवलं नाही.

वसंतात राउशानचा अहवाल आला. कालव्याचा थांबा पुन्हा सुरू झाला नाही तर पैसे बंद, असं पैसे देणाऱ्यांनी कळवलं. मेलिस असानोविच यांचं काय झालं, विचाराल? त्यांना राजधानीत वरची जागा मिळाली. उतरत्या रेघेचा तो आलेख त्यांनी सोबत नेला. ऐकते, की आता ते इतर जिल्ह्यांच्या लोकांना कामाचं मूल्यमापन कसं करावं ते शिकवतात. हे ऐकून ज्याला राग येत नाही, त्यानं माझ्या पायरीवर चढू नये.

नव्या संचालकांनी झूराकानला आणि आकाला परत बोलावलं. आकानं कोंबड्या हाकलल्या, मला धुतलं, शिव्या देत चालू केलं. बुधवारी आम्ही कालव्यावर गेलो. कोणी आलं नाही. संध्याकाळी नव्या संचालकांचा फोन आला, आज किती? झूराकान म्हणाली, "शून्य."  मग त्यांनी विचारलं, शून्यच लिहू ना? ती म्हणाली, शून्यच लिहा. पुढच्या बुधवारीही शून्य. त्याच्या पुढच्याही.

मग एके दिवशी जिपार आली, कडेवर मुलगी घेऊन. बाळाच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या होत्या. कादिर दवाखान्यात होता. झूराकाननं दोन्ही हात पुढे केले, आणि जिपारनं बाळ तिच्याकडे दिलं.  बाळानं झूराकानच्या कोटाचं बटण तोंडात घातलं. मग झूराकाननं पिशवी पुढे केली, सुया, निरोध, नेहमीचं सामान.

जिपारनं बाळ परत घेतलं. पिशवी घेतली नाही.

"बाकीचे मला विचारतात, गाडीकडे जावं का," ती म्हणाली. "मी काही सांगितलेलं नाही. आधी तुम्ही हिवाळ्यात येता का, ते बघते."

आणि ती गेली. टोक्तोसुन आका खाली वाकून माझी चाकं हिवाळ्यात टिकतील का, ते बघू लागला.

तर मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, माझी चाकं जपा, अशी विनवणी मी करणार नाही. गंज मी सोसेन. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब होईल, कुणी तपासनीस. तुमच्यासमोर कुणी लांबलचक रांग उभी करून दाखवील. ती बघा, तिचं कौतुकही करा. मग मागच्या गाडीत बसा आणि चालकाला विचारा, की या रांगेत कोण नाही, आणि ते कुठं राहतात. उत्तर आलं की तिकडं वळा. जेवण थंड झालं तर होऊ द्या.