काचेतली पट्टी

मी जखमेवर लावायची पट्टी बोलतेय. गोड बोलणार नाही, आधीच सांगते. जिनं कुणाच्या तरी पायावर असायचं, ती काचेच्या कपाटात पडून असेल तर तिच्या तोंडात साखर येणार कुठून?

प्रयोगशाळेतल्या एका चपट्या बशीत मला इथल्या संशोधक ताईनं घडवलं. तिच्या आईच्या पायावरची जखम काही केल्या भरत नव्हती. पट्टी बदलताना सोबत कोवळी कातडी निघायची आणि म्हातारी ओठ चावून भिंतीकडे बघायची. म्हणून ताईनं न चिकटणाऱ्या पट्टीचा ध्यास घेतला. माझ्या कितीतरी बहिणी कचऱ्यात गेल्या, तेव्हा कुठे मी जमले.

एक कारखानदार मला बनवायला तयार झाला. माणसांवरच्या चाचण्यांचा भारही तोच उचलणार होता. अट एकच, माझं पेटंट हवं. पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी ताईला आणि तिच्या मार्गदर्शक सरांना बजावलं, अर्ज दाखल होईपर्यंत बाहेर चकार शब्द काढू नका. सरांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

तेवढ्यात संशोधकांची परिषद आली. जुन्या कामावर बोला, असं ताईनं परोपरीनं विनवलं. पण जुनं काम घेऊन मंचावर जाणं सरांच्या जिवावर आलं. त्यांनी मला खिशातून काढून मिरवलं. माझ्यात काय काय घालतात, मी कशी शिजते, सगळं पडद्यावर दाखवलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

अर्ज भरताना वकीलबाईंनी विचारलं, "हे बाहेर कुणाला सांगितलंय?"

"छे, कुणालाच नाही," सर म्हणाले. "फक्त परिषदेत बोललो."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. जगजाहीर झालेलं आता नवं राहिलं नाही, पेटंट मिळणार नाही, म्हणाल्या. यावर सर म्हणे, ज्ञान काय कुलपात ठेवायचं असतं? अहो, कुलूप मागितलं कुणी? अर्ज होईपर्यंत कळ काढायची होती. मग पिटायची खुशाल गावभर दवंडी!

चाचण्यांचा खर्च मी करायचा आणि उद्या कुणीही हीच पट्टी बनवणार, म्हणत कारखानदारानं अंग काढून घेतलं. आज मला कुणीही बनवू शकतं, आणि कुणीच बनवत नाही. चाचण्या झाल्याशिवाय मला कुणाच्या जखमेवर लावताही येत नाही.

संशोधक मंडळी, टाळ्या कुठे पळून जात नाहीत. आधी अर्ज करा, मग भाषण ठोका. माझं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं करू नका.

परवा ताईची आई काठी टेकत आली. काचेवर बोट ठेवून म्हणाली, "हीच का गं ती? मला कधी लावणार?"

ताईनं खाली बसून आईच्या पायावरची चिकटलेली जुनी पट्टी सोडवायला घेतली. म्हातारीनं ओठ चावला. या खेपेला ती भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.