रोखेवाल्या बाई

नगरसेविका होऊन बाईंना जेमतेम महिना झाला होता. आधी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना अजून बाईच म्हणत. आज सभेत पाण्याचे पाइप कुठल्या कंपनीकडून घ्यायचे ते ठरणार होतं आणि नेमके त्यातल्याच एका कंपनीत सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे बाईंच्या नावाने गुंतले होते.

"बिनधास्त मत द्या, वहिनी," भाऊजी म्हणाले. ती गुंतवणूक त्यांनीच गळ घालून करायला लावली होती. "नियम काय सांगतो? कंपनीत वाटा असेल तर मतदान करू नये. वाटा शेअरवाल्याचा, तो मालक. तुमचे रोखे. म्हणजे तुम्ही कंपनीला नुसतं कर्ज दिलंय. नफा होवो न होवो, ठरलेलं व्याज तुम्हाला मिळणार. वाटा कसला?"

बाईंना हायसं वाटलं. जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईला शब्दाचा आधार पुरतो.

"आणि कंपनीच बुडाली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर आधी रोखेवाल्यांचं देणं, मग शेअरवाले."

"आणि द्यायला काही उरलंच नाही तर?"

भाऊजींनी चहाच्या कपात तोंड खुपसलं. कंपनीची तब्येत तोळामासा होती. हे कंत्राट मिळालं तरच ती तगणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"म्हणजे हिचा हात वर गेला की माझा गुडघा वाचणार! वाटा नसेना का, स्वार्थ तर आहे. नको गं, पाणी सगळ्यांना प्यायचंय. मी लंगडेन आणखी थोडी."

बाईंचे डोळे भरून आले.

सभेत त्या उभ्या राहिल्या. "माझ्याकडे या कंपनीचे रोखे आहेत. नियमात रोख्यांचं नाव नाही, पण माझा जीव त्यात अडकलाय. मी बाहेर बसते."

कुणीतरी फिसकन हसलं. बाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. आपण शुद्ध वेडेपणा केला, असं त्यांना वाटू लागलं.

तेवढ्यात दार करकरलं. विरोधी पक्षाचे दादा बाहेर आले.

"माझे शेअर आहेत. बायकोच्या नावावर," ते पुटपुटले. "सरका जरा."

बाई सरकल्या. दार पुन्हा करकरलं. मग पुन्हा. आत माणसं इतकी कमी उरली की अध्यक्षांनी सभा तहकूब केली आणि "माझेही थोडे आहेत," म्हणत तेही हळूच बाहेर आले. बाक केव्हाच भरला होता.

बाईंनी शिपायाला हाक मारली, "अहो, आणखी एक बाक आणा."