रेघेच्या वर की खाली

उजेडच पडत नाही म्हणून लालासाहेबांनी वर्षभरात गाडीचे बल्ब दोनदा बदलले होते आणि दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या त्या बल्बवाल्यांनी. माणूस हट्टी, त्यातून फौजेतला ड्रायव्हर! वीस वर्षं लडाखात ट्रक हाकलेला. "स्टेरिंग सुटलं की मी संपलो," असं येताजाता म्हणायचा. त्याला कोण काय सांगणार?

औंधहून निघालं की शेजारी बायको, दगडाबाई, हवीच. तिचं तोंड वाटभर चालू. "बया, केवढी उसाची ट्रॉली उभी हाय डावीकडं!" "म्हातारं रस्ता वलांडतंय बगा!"

"गप की जरा! मला डोळं न्हाईत व्हय?" लालासाहेब खेकसायचे.

त्या दिवशी साताऱ्यात रविराज मिस्त्रीनं तिसरी जोडी बसवली. दिवस मावळला होता. भिंतीवर उजेड असा पडला की समोरचा दुकानदार ओरडला, "आरं, आंधळं करतोस का काय!" रविराज खूश झाला. दिव्यांची उंची जुळवायला त्यानं भिंतीवर डांबराची आडवी रेघ मारून ठेवली होती. बॉनेटखाली वाकून तो स्क्रू पिळू लागला.

"काका, उजेड रेघंच्या वर हाय का खाली?"

"कुठली रेघ?"

रविराज हसला. मग लालासाहेब भिंतीजवळ जाऊन हातानं चाचपायला लागले, तेव्हा त्याचं हसू विरलं. चांगली चार बोटं रुंद रेघ होती.

"वर हाय. जरा खाली घे," मागून दगडाबाई म्हणाली. औषधाच्या दुकानातून ती नुकतीच परतली होती.

वाटभरची ती सगळी बडबड कशासाठी होती, ते लालासाहेबांना एकदम कळलं.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"सांगलीच्या डॉक्टरनं थेंब दिलं तवापास्नं. गेलेली नजर माघारी येत न्हाई, असं मला एकटीला म्हणालं." तिचा आवाज चिरकला. "तुमास्नी सांगायचा धीर न्हाई झाला वो."

फौजेतून आल्यावर लालासाहेब पहिल्यांदाच रडले, तेही परक्याच्या दारात. मग डोळे पुसून त्यांनी किल्ली रविराजच्या हातात दिली.

"गड्या, गाडीला गिऱ्हाईक बग. दिवं नवं हायत म्हणून सांग."