कोरिनाखची माती

फर्कर हा राजाचा नातू खरा. पण पहिली सात वर्षे तो वाढला मारियोटाच्या दुधावर आणि तिच्या धाकात. स्कॉटलंडच्या त्या डोंगराळ मुलखातली रीतच तशी होती. राजवंशातले मूल दाईआईच्या घरी वाढे, आणि पुढे केवढाही उमराव झाला तरी तिच्यापुढे पोरच राही.

मारियोटा आता ऐंशीच्या घरात होती. कोरिनाखचे शेत ती फर्करच्या निव्वळ शब्दावर कसत आली होती. ते कायमचे तिला देण्याचे त्याने ठरविले, आणि त्याच हिवाळ्यात अंथरूण धरले. त्याचा वारस, पुतण्या ड्यूगल, निर्धास्त होता. त्या देशी नुसत्या कागदाने जमीन मिळत नसे. देणाऱ्याने त्याच जमिनीवर उभे राहून तिथलीच माती आणि तिथलाच दगड शेजाऱ्यांसमक्ष घेणाऱ्याच्या हाती ठेवावा लागे. काका काही आता उठत नाहीत, म्हातारीने वसंतापूर्वी बोचके बांधावे, असे तो गावभर सांगत होता. मारियोटाने किल्ल्यावर निरोप धाडला नाही. मागणे तिच्या रक्तात नव्हते.

फेब्रुवारीच्या आरंभी, मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी, भर दुपारी चौघांच्या खांद्यांवरून एक डोली बर्फ तुडवीत चढावर आली. आत फर्कर होता, बरोबर ड्यूगल. शेजारी जमले. जमीन दगडासारखी गोठली आहे, म्हणून किल्ल्याच्या परसातली मऊ माती बरोबर आणली आहे, असे म्हणत ड्यूगलने अदबीने टोपली पुढे केली.

फर्करने ती माती हुंगली. “ही माझ्या कोबीची माती. उद्या तूच म्हणशील, काकांनी दाईला कोबीचा वाफा दिला.”

तो डोलीतून उतरला. देव आणि राजा यांखेरीज कोणापुढे न टेकलेले ते गुडघे बर्फात टेकले. कट्यारीचे पाते पहिल्याच घावाला मोडले. मग तो दोन्ही पंजे जमिनीवर दाबून, तिच्यावर आपला श्वास सोडीत, नखांनी उकरू लागला.

“ऊठ, फर्कर. मरशील,” मारियोटा म्हणाली.

“आई, जरा गप्प बस.”

शेजाऱ्यांतल्या एकेकाने डोक्यावरची टोपी काढली. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर रक्ताने माखलेले एक ढेकूळ आणि एक दगड त्याने तिच्या ओंजळीत ठेवले.

“ड्यूगल, काय पाहिलेस?” फर्करने विचारले.

ड्यूगलने सर्वांकडे पाहिले, आणि टोपी काढली. “कोरिनाखची माती मारियोटाला दिलीत, काका. मी पाहिले.”

मग फर्करला डोलीत बसविल्यावर, परत निघायचे म्हणून ड्यूगलने डोली उचलण्याची खूण केली. मारियोटाने मूठ मिटली.

“त्याला आत माझ्या चुलीपाशी न्या,” ती भोयांना म्हणाली. “जमीन माझी आहे. इथून पाहुणा कधी जायचा, ते मी सांगेन.”

भोयांनी ड्यूगलकडे पाहिलेदेखील नाही.