साळूबाईचा डोळा

पारनेरजवळच्या वाडीत साळूबाई सुईणपण करायची. १९७१च्या दिवाळीनंतर तिची उजवी नाकपुडी चोंदली ती सुटेचना. संक्रांतीपर्यंत उजवा डोळा खोबणीतून पुढं आला आणि एकाचे दोन दिसायला लागले. फारसं दुखत नव्हतं, म्हणून पदर पुढं ओढून ती कामं उरकायची.

बाळंतिणीजवळ असला डोळा नको, असं शेजारची छबूबाई आणि इतर बायका बोलायला लागल्या. बोलावणी थांबली.

"त्यांचंबी खरं हाय," ती नवऱ्याला, भिमाजीला म्हणाली. "नाळ कापताना दोन दिसल्या तर?"

भिमाजीनं तिला एसटीनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे झाला, नाकातला तुकडा तपासून झाला.

"गालाच्या हाडातल्या पोकळीत बुरशी वाढलीय," डॉक्टर म्हणाले. "ती डोळा पुढं ढकलतेय, मागची नस दाबतेय."

"शिळ्या भाकरीवर येती ती बुरशी?"

"त्याच जातीची."

"मंग कुनाची करनी न्हाई?"

"नाही बाई. कुणाचा दोष नाही."

साळूबाईनं श्वास सोडला. इतके दिवस मनात तिनं चार घरांवर संशय घेतला होता.

"नजर वाचेल असं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण थांबलात तर मेंदूपर्यंत जाईल."

"काढा मंग."

वरच्या ओठाआडून चिरून डॉक्टरांनी पोकळी साफ केली. डोळा हळूहळू मागं बसला, पण नजर गेली ती गेलीच. घरी आल्यावर चहा ओतताना धार कपाबाहेर जायची. भिमाजी पुसून घ्यायचा. ती चिडायची, पुन्हा ओतायची.

पावसाळा कोरडाच चालला होता. एका दुपारी छबूबाई धावत आली. तिची सून पुष्पावती अडली होती, मूल पायाळू होतं.

"एका डोळ्याची चालंल का?" साळूबाईनं विचारलं.

छबूबाईनं मान खाली घातली. "चुकलं माजं. चल की गं."

आत गेल्यावर साळूबाईनं डोळे मिटले आणि हातांनीच मुलाचे पाय, कंबर, खांदे चाचपत त्याला बाहेर घेतलं. पोरगी होती. जरा वेळानं रडली.

नाळेला दोरा बांधून तिनं छबूबाईला जवळ बोलावलं.

"गाठ नीट बसली का बघ. तुला चांगलं दिसतंय."

छबूबाई वाकली. "बसलीय," ती म्हणाली, आणि कात्री साळूबाईच्या हातात दिली.