आखणीतली खोली

बुधवारी सकाळी सव्वासात वाजता शिवाप्पा मेस्त्रीने वाचनालयाचे दार बुजवले. त्याला दोन ओंजळी चुना पुरला. साडेतीन फुटांची मोकळी जागा होती, तिथे पांढरी रेघ आली.

जयनगरच्या त्या मैदानावर अजून एक वीटही लागलेली नव्हती. रहिवासी संघाला खेळाचे दालन आणि वाचनालय एकाच छपराखाली हवे होते. सभासदांना अंदाज यावा म्हणून आर्किटेक्ट रत्नाकरने सगळा नकाशा खऱ्या मापात जमिनीवर आखून घेतला. हे १९६२च्या जानेवारीतले. पंधरा दिवसांत लोक त्यात वावरू लागले. रेघ कुणी ओलांडत नसे, दारातूनच जात-येत. दालनात मोठ्याने बोलत, वाचनालयात कुजबुजत. संघाचे अध्यक्ष नरसिंहराव आधी हसले. मग तेही दारातूनच जाऊ लागले.

निवृत्त शिक्षक बिंदुमाधवराव रोज घरून खुर्ची आणून वाचनालयात वाचत बसत. आपली सातशे पुस्तके ते संघाला देणार होते.

मंगळवारच्या बैठकीत वाचनालय रद्द झाले. त्या जागी टेबल टेनिस. दार आतल्या बाजूला घ्यायचे, नेमके कुठे ते पुढच्या बैठकीत; आताचे दार मात्र लगेच बुजवायचे. रत्नाकर "सरी", म्हणजे बरं, एवढेच म्हणाला. विरोध केला असता तर काम दुसऱ्याकडे गेले असते.

बुधवारी शिवाप्पा चुना घेऊन आला तेव्हा बिंदुमाधवराव आतच होते. रत्नाकर आणि नरसिंहराव रेघेबाहेर उभे होते.

"मास्तर, आधी बाहेर या की."

"स्वल्प थांब. नाहीतर राहू दे, तू तुझं काम कर."

शिवाप्पाने रत्नाकरकडे पाहिले. रत्नाकरने मान हलवली. रेघ पुरी झाली.

"केलं बघा बंद. आता कसं येणार?"

"ज्यानं बंद करायला सांगितलं, त्याला विचार."

रत्नाकर टेप गुंडाळू लागला. नरसिंहराव पुढे झाले.

"बिंदुमाधवराव, उगाच नाटक नको. पाय उचला आणि या. चुनाच आहे तो."

"मग इतके दिवस तुम्ही का नाही आलात रेघेवरून?"

नरसिंहरावांनी बाकी दोघांना खूण केली. तिघे कॉफीला गेले. आठ वाजून वीस मिनिटांनी परतले तेव्हा खुर्ची जागेवर होती, तिच्यावर उघडे पुस्तक पालथे होते. बिंदुमाधवराव नव्हते. चुना अजून भुसभुशीत होता. शिवाप्पा चारी बाजूंनी दोनदा फिरला. रेघ कुठेही मोडलेली नव्हती.

"घरी गेले असतील," नरसिंहराव म्हणाले.

दुपारी एक वाजता बिंदुमाधवरावांची मुलगी अहल्या आली. अप्पा जेवायला आले नव्हते.

गुरुवारी पोलिसांत तक्रार झाली. जमादाराने विचारले, शेवटचे कुठे दिसले?

"वाचनालयात," रत्नाकर म्हणाला.

"कुठलं वाचनालय?"

रत्नाकरने मैदानाचा पत्ता सांगितला.

शुक्रवारी पायाखोदाईला मजूर आले. दालनाचा पाया त्यांनी खणायला घेतला, पण त्या खोलीत कुणी पाऊल टाकेना. मातीच्या पाट्या वळसा घालून नेऊ लागले. अहल्या सकाळपासून रेघेबाहेर बसून होती.

"हे दार तुम्हीच आखलं होतं ना?" तिने रत्नाकरला विचारले. "मग उघडा."

"अक्का, समितीचा ठराव आहे."

"मी ठराव मागत नाही."

रत्नाकर निघून गेला.

शनिवारी सकाळी सहा वाजता तो एकटा आला. गुडघ्यांवर बसून त्याने चुना मातीसकट खरवडून काढला. टेप लावली. साडेतीन फूट भरेना, तेव्हा अजून बोटभर खरवडले. अहल्या आली तेव्हा तो बाजूला सरकून उभा होता, दाराची वाट अडू नये तसा.

दुपारी नरसिंहरावांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. ठरावाविरुद्ध आखणी बदलल्याबद्दल रत्नाकरला कामावरून दूर करण्यात येत होते. त्याने चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली. घरी गेला नाही.

"किती वेळ वाट बघायची, सर?" शिवाप्पाने विचारले.

"माहीत नाही."

रविवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत त्या दारातून कुणीही बाहेर आलेले नव्हते.