एकोणीस सेकंद

आमच्या गल्लीच्या टोकाला भरदुपारी एक अनोळखी माणूस मागच्या दाराने घरात शिरला आणि मोबाइल उचलून गेला. घरातली बाई समोरच होती. ती जागच्या जागी थिजली, तोंडातून आवाजही निघाला नाही. हे ऐकल्यापासून मला एकच भीती, आपणही थिजलो तर? माझी लेक आचल जेमतेम आठ महिन्यांची.

म्हणून मी सगळं आधीच ठरवून टाकलं. आवाज आला की बघायला जायचं नाही. आचलला उचलायचं, मधल्या खोलीत शिरायचं, कडी लावायची, शेजारच्या शेखरभाऊजींना फोन करायचा. रोज दुपारी दोनला मी हे करून बघायची, म्हणजे वेळेवर डोकं नाही चाललं तरी पाय चालतील. बारा सेकंद लागायचे.

सासूबाई झेंडूचे हार गुंफता गुंफता बघत असायच्या. "चोरानं तुले दोनचीच वेळ देली हाय का वं?" असं विचारून पुन्हा हारात डोकं घालायच्या.

मागचं दार बंद ठेवावं म्हटलं, तर तेही जमेना. बार्शीटाकळीजवळ आमची फुलांची शेती. माझे यजमान कुंदन पहाटेच माल घेऊन अकोल्याला जातात, आणि दुपारी गल्लीतल्या बाया आमच्या मागच्या पडवीत हार गुंफायला येतात. माझ्या माहेरी, अमरावतीला, बेल वाजल्याशिवाय दार उघडत नसे. इथे कडी वाजवणाराच परका. मी फक्त एवढं केलं, की पोर झोपलेली असते, हळू या, असं एकेकीला बजावलं.

त्या शनिवारी सगळ्या बाया लग्नाला गेल्या होत्या. पावणेतीनला पडवीत टोपली सरकली. मग दबकी पावलं.

मी थिजले नाही. आचल कडेवर, खोली, कडी. फोन लागला, भाऊजी निघालो म्हणाले. आणि तेव्हा आठवलं, सासूबाई स्वयंपाकघरात आडव्या झाल्या होत्या. महिनाभराच्या तयारीत मी त्यांना कुठे धरलंच नव्हतं.

दाराला बाहेरून काहीतरी टेकलं.

"उघडू नको," सासूबाईंचा अगदी बारीक आवाज. "मी दाराले पाठ लावून बसली हावो. हातात कात्री हाय. तू पोरीले सांभाळ."

मी कडी काढली. त्यांना दंडाला धरून आत ओढत होते, तोच समोर हार गुंफायला येणाऱ्या वच्छलाबाई दिसल्या. चपला हातात, चवड्यांवर चालत. लग्नातून लवकर परतल्या होत्या आणि पोर झोपली असेल म्हणून चोरपावलांनी येत होत्या. माझंच ऐकून.

शेखरभाऊजी काठी घेऊन पोचले, तेव्हा आम्ही तिघी उंबऱ्यात बसून होतो आणि आचल त्या कात्रीसाठी हात पसरत होती.

संध्याकाळी मी विचारलं, आई, तुम्ही माझ्याबरोबर आत का नाही आलात?

"माह्या गुडघ्यापायी तुये बारा सेकंद हुकले असते."

आता दोन वाजता आम्ही दोघी उठतो. त्यांचा गुडघा धरून एकोणीस सेकंद लागतात. त्या आत आल्याशिवाय कडी लावायची नाही, हा नवा नियम. वच्छलाबाई गल्लीतूनच स्वतःचं नाव ओरडत येतात. आचल दचकून उठते. उठू दे.